सर्किट बेंचभोवतीचं पार्किंग आणि पुनर्विकास : हरकत कुठे, कशी नोंदवायची?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं (उच्च न्यायालयाच्या कोल्हापुरात बसणाऱ्या खंडपीठाचं) कामकाज सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचे वकील आणि पक्षकार आता याच गजबजलेल्या भागात येतात. कायमची इमारत शेंडा पार्कात व्हायची आहे. तोवर गाड्यांचा भार भाऊसिंगजी रोड आणि दसरा चौकावरच. अशा ठिकाणी घरासमोर नो पार्किंगची पाटी लागू शकते किंवा जागेवर वाहनतळाचं आरक्षण पडू शकतं, म्हणजे ती सार्वजनिक वाहनतळासाठी राखून ठेवली जाऊ शकते. या दोन्हींची दारं वेगळी आहेत, आणि बरेच अर्ज चुकीच्या दारात पडून राहतात.

पाटी, एकेरी मार्ग, रस्त्यावर गाड्या लावायच्या जागा हे सगळं मोटार वाहन कायदा १९८८ खाली येतं. त्याच्या कलम ११७ नुसार वाहनं उभी करण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवल्या जातात. त्यासाठीचा अर्ज पोलीस अधीक्षकांच्या नावे वाहतूक शाखेत द्या आणि प्रत महापालिकेला. एवढं पुरे.

जमिनीचा वापर बदलणार असेल, म्हणजे आरक्षण टाकायचं, उठवायचं किंवा रस्ता रुंद करायचा असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ लागतो. मंजूर विकास आराखड्यातला, म्हणजे शहरात कुठली जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशातला, बदल त्याच्या कलम ३७ खाली होतो. बदल किरकोळ हवा. आराखड्याचं मूळ स्वरूपच पालटेल असं या कलमाखाली करता येत नाही, आणि हाच हरकतीचा भक्कम मुद्दा ठरू शकतो. महापालिका राजपत्रात सूचना प्रसिद्ध करते, बाधित होणाऱ्यांना नोटीस देते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिन्याची मुदत ठेवते. मग सुनावणी होते, प्रस्ताव शासनाकडे जातो आणि नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन शासन तो मंजूर करतं, त्यात फेरफार करतं किंवा फेटाळतं. तातडीचं सार्वजनिक हित असेल तर ३७ (१एए) खाली शासन स्वतःच सूचना काढू शकतं. तेव्हा हरकत कोणाकडे पाठवायची, ते सूचनेतच वाचा. सवयीनं महापालिकेत देऊन गप्प बसू नका.

हरकत कोणीही घेऊ शकतो. जागेचा मालकच असावं लागत नाही. भाडेकरू, शेजारच्या गल्लीतला दुकानदार, रोज तिथे येणारा वकील, सगळ्यांना हक्क आहे. म्हणूनच कायद्यानं ठरवून दिलेली कागदपत्रांची यादी इथे नाही. पण कागदाविना हरकत हवेत राहते. मालकानं मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि घरफाळ्याची पावती जोडावी. भाडेकरूनं भाडेकरार किंवा भाडेपावत्या, दुकानदारानं दुकानाचा परवाना. नगररचना विभागातून झोन दाखला (जागा कुठल्या वापरासाठी आहे याचा दाखला) आणि भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या भागाचा उतारा) आधीच काढून ठेवा, कारण आपली जागा नेमकी कुठल्या आरक्षणात येते हे त्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही.

अर्जात सूचनेची तारीख, सिटी सर्व्हे नंबर, बदलाला विरोध का आणि त्याऐवजी काय हवं, हे लिहा. ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढंच लिहिलेल्या अर्जाचं सुनावणीत दोन मिनिटांत काम तमाम होतं. ‘वाहनतळ अमुक सरकारी भूखंडावर करा, प्रवेश मागच्या रस्त्यानं ठेवा’ असं लिहिलं तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. सोबत हातानं काढलेला नकाशाही चालतो. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि सुनावणीला ‘समक्ष म्हणणं मांडायचं आहे’ हे वाक्य अर्जातच घाला.

आरक्षण कायम राहिलं तर पुढे काय? त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ नुसार जागा वाटाघाटीनं मोबदला देऊन, चटई क्षेत्र (जादा बांधकामाचा हक्क) किंवा टीडीआरच्या (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) बदल्यात, नाहीतर २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं घेता येते. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत समावेशक आरक्षणाचाही मार्ग आहे: वाहनतळ बांधून महापालिकेला द्यायचा आणि उरलेलं बांधकाम स्वतः वापरायचं. मोक्याच्या जागेवर रोख मोबदल्यापेक्षा हे बरं पडू शकतं. पण भूखंड लहान असेल तर आधी वास्तुविशारदाकडून हिशेब करून घ्या, उतार आणि गाडी वळवायची जागा यातच निम्मा तळमजला जातो.

आणि आरक्षण वर्षानुवर्षं नुसतं कागदावरच असेल तर कलम १२७ आहे. अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षं झाल्यावर मालकी किंवा हितसंबंधाच्या कागदांसह महापालिकेला खरेदी सूचना (‘जागा घ्या, नाहीतर सोडा’ अशी नोटीस) बजावता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी खरी पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालावरून मांडता येतं. व्यपगत झाल्याची अधिसूचना राजपत्रात यावी यासाठी मात्र पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

न्यायालयाबाहेर बसणारे टंकलेखक, चहावाले आणि झेरॉक्सवाले यांच्यासाठी वेगळा मुद्दा. यातल्या पथविक्रेत्यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार ३० दिवसांची नोटीस दिल्याशिवाय हलवता येत नाही. विक्री प्रमाणपत्राची किंवा सर्वेक्षणातल्या नोंदीची प्रत जवळ ठेवा.