एनएफएल ड्राफ्ट : जखमी आणि अपरीक्षित खेळाडू निवडण्यातील जोखीम

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये दरवर्षी एप्रिलअखेर महाविद्यालयीन खेळाडूंची निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही. 32 संघ सात फेऱ्यांत पाळीपाळीने खेळाडू घेतात आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी आधी येते. त्यामुळे दुखापतीतून न सावरलेला किंवा फारसे सामने न खेळलेला खेळाडू घेताना पणाला लागते ती मुख्यतः पाळी, आणि तिच्यासोबत खेळाडूची स्वस्तातली वर्षे.

2011 पूर्वी पैशाचा धोकाही मोठा होता. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर 2010 मध्ये पहिला निवडला गेलेला सॅम ब्रॅडफर्ड याला सेंट लुइस रॅम्सने सुमारे 5 कोटी डॉलरची हमी दिली. पुढच्याच वर्षी नवोदितांच्या वेतनावर मर्यादा आली आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा पूर्ण करार सुमारे 2.2 कोटींत झाला. आता निवडलेल्या प्रत्येक खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो. संघाच्या एकूण वेतनखर्चाला मर्यादा असल्याने हीच वर्षे सर्वांत मोलाची. खेळाडू पहिले वर्ष बाहेर बसला की त्यातला पाव हिस्सा गेला. पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय मिळतो, पण त्याचा निर्णय तिसऱ्या हंगामानंतर घ्यावा लागतो. पहिला हंगाम हुकलेल्या खेळाडूला पारखायला मग दोनच हंगाम उरतात.

वैद्यकीय पारख मुख्यतः ड्राफ्टआधी इंडियानापोलिसमध्ये भरणाऱ्या कम्बाइन या चाचणी शिबिरात होते. एक्स-रे आणि एमआरआयचे निष्कर्ष सर्व संघांना मिळतात, पण त्यांवरून धोका किती मानायचा हे प्रत्येक संघाचे डॉक्टर स्वतंत्रपणे ठरवतात. म्हणून एकाच गुडघ्यासाठी एक संघ खेळाडूला यादीतून काढून टाकतो आणि दुसरा त्याला दुसऱ्या फेरीत घेतो. शस्त्रक्रिया झालेल्यांची एप्रिलमध्ये फेरतपासणी होते.

दुखापत कोणती, यावर बरेच ठरते. गुडघ्याला स्थिर ठेवणारे एसीएल हे लिगामेंट (हाडे जोडणारा अस्थिबंध) एकटेच फाटले असेल, तर पुनर्रचनेनंतर साधारण नऊ महिने ते वर्षभरात खेळाडू परततो. जानेवारीतली दुखापत असेल, तर जुलैअखेरचे सराव शिबिर हुकते आणि नवोदिताचा डावपेच शिकण्याचा काळ वाया जातो. पायाच्या पाचव्या मेटाटार्सल हाडाचा तळाजवळचा भाग मोडला की रक्तपुरवठा कमी असल्याने तो उशिरा जुळतो, कधी स्क्रू घालूनही पुन्हा मोडतो. सर्वांत अनिश्चित असते ती मज्जातंतूची इजा. तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो आणि पूर्ण कार्यक्षम होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

बचावफळीतल्या लाइनबॅकर जेलन स्मिथचे हेच झाले. 1 जानेवारी 2016 च्या फिएस्टा बोल या महाविद्यालयीन सामन्यात त्याच्या गुडघ्याची दोन लिगामेंट फाटली, पेरोनियल मज्जातंतू दुखावला आणि पाऊल वर उचलता येईना. डॅलस काउबॉइजने त्याला 34 व्या क्रमांकावर घेतले. शस्त्रक्रिया त्यांच्याच संघाच्या डॉक्टरांनी केली होती, त्यामुळे गुडघ्याची आतली स्थिती त्यांना इतरांपेक्षा चांगली ठाऊक होती. 2016 चा हंगाम त्याने पूर्ण गमावला, 2019 मध्ये प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड मिळवली आणि ऑक्टोबर 2021 मध्ये संघाने त्याला सोडले. चेंडू घेऊन धावणारा जखमी खेळाडू (रनिंग बॅक) मार्कस लॅटिमोरला मात्र सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने 2013 मध्ये चौथ्या फेरीत घेऊनही तो एकही सामना न खेळता निवृत्त झाला. उलट दोन्ही गुडघ्यांची एसीएल शस्त्रक्रिया झालेला फ्रँक गोर 2005 मध्ये 65 वा निवडला गेला आणि 16 हंगामांत 16,000 यार्ड धावला. डॉक्टरांचा धोक्याचा लाल शेरा म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हे गोरने दाखवले. पण एका गोरच्या भरवशावर पहिली फेरी खर्चणे चूकच.

अपरीक्षित खेळाडूचा धोका एक्स-रेत दिसत नाही. चेंडू फेकून आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक ट्रे लान्स महाविद्यालयात 17 सामने सुरुवातीपासून खेळला होता, तेही खालच्या एफसीएस विभागात. 2020 मध्ये तर एकच. तरी 2021 मध्ये तिसऱ्या पाळीसाठी फोर्टीनाइनर्सनी आपली 12 वी पाळी, 2022 आणि 2023 च्या पहिल्या फेरीतील पाळ्या आणि तिसऱ्या फेरीतील एक पाळी मायामीला दिली. लान्सने त्यांच्यासाठी चारच सामन्यांची सुरुवात केली, त्यांतल्या शेवटच्यात घोटा मोडला आणि 2023 मध्ये चौथ्या फेरीच्या एका पाळीच्या बदल्यात तो डॅलसला गेला. इथे खेळाडूच्या उणिवेपेक्षा सौद्याची किंमत अधिक दोषी आहे. अननुभवी खेळाडूला सामने हवे असतात, आणि जिंकायच्या घाईतला संघ नेमके तेच देऊ शकत नाही.

धावण्याचा वेग, उंची, हातांची लांबी कम्बाइनमध्ये मोजता येते. बचावफळीची चाल ओळखण्याची सवय मोजता येत नाही. तरीही अशी निवड फळते, विशेषतः जिथे ताकद आणि शिकवण्याजोगे तंत्र जास्त कामी येते. घानाहून आलेला झिगी अन्साह 2010 मध्ये हा खेळ शिकू लागला, 2013 मध्ये डेट्रॉइट लायन्सने त्याला पाचवा निवडला आणि 2015 मध्ये त्याने 14.5 सॅक केले (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणे). ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग खेळाडू जॉर्डन मायलाटा अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळता 2018 मध्ये 233 व्या क्रमांकावर फिलाडेल्फिया ईगल्सकडे आला. पहिली दोन वर्षे तो सामन्यात उतरला नाही. सातव्या फेरीतल्या पाळीवर संघाला ती वाट पाहणे परवडले, आणि 2020 पासून तो क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा लेफ्ट टॅकल म्हणून खेळू लागला.