निबंधात वादग्रस्त उदाहरण द्यावं का?

निबंध तपासून घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

‘हिटलरचं उदाहरण दिलं तर मार्क कापतात का?’ जीआरई (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) आणि आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) यांची तयारी करणारे हे आम्हाला हमखास विचारतात. मतासाठी मार्क कापत नाहीत. जीआरईच्या इश्यू निबंधात, म्हणजे दिलेल्या विधानावर मत मांडायच्या निबंधात, तुम्ही बाजूने लिहा की विरोधात, पाहिली जाते ती मांडणी. आयईएलटीएसच्या टास्क 2 मध्ये, म्हणजे लेखनातल्या निबंधाच्या प्रश्नात, प्रश्नाला दिलेलं उत्तर, सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण या चार निकषांवर बँड (आयईएलटीएसचा गुणांक) ठरतो. तुमचं राजकारण परीक्षकाला पटलं का, असा पाचवा निकष नाही.

घात होतो तो वेळेचा. जीआरईला 30 मिनिटं मिळतात, टास्क 2 साठी साधारण 40. नेतृत्वावरच्या निबंधात ‘हिटलर प्रभावी नेता होता’ असं लिहिलंत की पुढची दोन-तीन वाक्यं ‘मी त्याचं समर्थन करत नाही’ हे सांगण्यात जातात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. (शिवाय हे उदाहरण आता घासून गुळगुळीत झालंय.)

म्हणून वादाचा विषय टाळा असं आम्ही सांगत नाही. दावा लहान करा, एवढंच सांगतो. समजा प्रश्न आहे: शोधाच्या वापराची जबाबदारी शास्त्रज्ञावर असते का? ‘युद्ध संपवायला हिरोशिमावर बॉम्ब टाकणं गरजेचंच होतं’ हे वाक्य आमच्याकडे आलं तर त्याखाली लाल रेघ पडते. त्यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही, तुम्ही तीन ओळींत काय निकाल लावणार? आणि त्या वाक्यात शास्त्रज्ञ आहे कुठे?

त्याऐवजी असं लिहा: ‘जून 1945 मध्ये जेम्स फ्रँक आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी, बॉम्ब अचानक जपानवर न टाकता आधी ओसाड जागी त्याचं प्रात्यक्षिक दाखवावं, असं अमेरिकन सरकारला लेखी कळवलं होतं. तरी ऑगस्टमध्ये बॉम्ब पडलेच.’ विषय तोच, पण विरुद्ध मताचा माणूसही याला ‘हो, असं घडलं’ म्हणेल. इथून तुमचा मुद्दा लगेच पुढे नेता येतो: जबाबदारीची जाणीव होती, निर्णयाचा अधिकार नव्हता.

सध्याच्या नेत्यांबद्दल लिहिताना तारीख-वार पक्के माहीत असतील तरच लिहा. एखाद्या धर्माला किंवा देशाला सरसकट नावं ठेवणारी वाक्यं आम्ही थेट खोडतो, कारण ती कुठल्याच युक्तिवादात टिकत नाहीत. आयईएलटीएसला स्वतःच्या अनुभवातलं साधं उदाहरण चालतं. प्रश्नपत्रिकेतच तसं सांगितलेलं असतं.

तपासलेल्या निबंधाच्या समासात ‘खुलासा’ असा शेरा दिसला, तर त्या उदाहरणाने तुमच्या ओळी खाल्ल्या असं समजा. निबंध पाठवताना मूळ प्रश्न जसाच्या तसा वर लिहा. तो नसला तर उदाहरण विषयाला धरून आहे की नाही, हे आम्हाला सांगता येत नाही.