सुंभ, पीळ आणि तलम केसांचा अंबाडा

मराठीत ‘बारीक केस’ म्हटलं की कात्री आठवते. केस बारीक कापले म्हणजे आखूड केले. ‘पातळ केस’ म्हणावं तर ऐकणारा विरळ समजतो आणि लगेच कोणतं तरी तेल सुचवतो. म्हणून या लेखापुरता कापडाकडून एक शब्द उसना घेते : तलम.

तलम म्हणजे एकेका केसाची जाडी कमी. डोक्यावर एकूण केस किती, हा निराळा प्रश्न. माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. ते भरगच्च असूनही त्यातला प्रत्येक केस तलम असू शकतो. ओळखायचं कसं? गळलेला एक केस चिमटीत धरून फिरवून बघा. बोटांना काही लागलंच नाही, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझ्यासाठी तर आहेच. समारंभाच्या दिवशी तासभर खपून घातलेला अंबाडा पहिल्या अर्ध्या तासात मानेवर उतरलेला मी किती वेळा पाहिला, याची गणती नाही.

दोष हाताचा नाही, भूमितीचा आहे. तलम केस ५० मायक्रॉन जाडीचा धरू आणि राठ केस १०० मायक्रॉनचा. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) जाडी निम्मी झाली की केसाचं वजन पाव होतं. वाकण्याला होणारा विरोध मात्र जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे तो थेट सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणजे स्वतःचं वजन पेलण्याच्या बाबतीत तलम केस चौपट कमजोर. मुळाशी फुगवलेले केस बघता बघता बसतात ते यामुळेच.

केसांच्या या वाकण्यावर गंभीर संशोधन झालं आहे. २०१२ मध्ये रेमंड गोल्डस्टाइन, पॅट्रिक वॉरन आणि रॉबिन बॉल या तीन शास्त्रज्ञांनी पोनीटेलचा आकार नेमका कशाने ठरतो, याचं समीकरण मांडलं. त्यांच्या हिशेबात नेहमीच्या जाडीचा केस साधारण ५ सेंटीमीटरपर्यंत स्वतःच्या ताठपणावर राहतो, पुढे गुरुत्वाकर्षणाचं राज्य. तलम केसात हे अंतर आणखी कमी. त्याच वर्षी त्यांना या कामासाठी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार. लोक हसले, पण समीकरण खरं आहे.

ताठपणा वाढवता येत नाही, मग हाताशी उरतं काय? पाणी आणि घर्षण. आधी पाणी.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा. त्याच्या साखळ्यांना जोडून ठेवणारे बंध अनेक, पण आपल्याला दोनच पुरे. गंधकाचे बंध चिवट असतात. केस जन्मतः सरळ की कुरळा, यात त्यांचा मोठा वाटा. दुसरे हायड्रोजन बंध. हे एकेकटे दुबळे, पण संख्येने अफाट. पाणी लागलं की ते सुटतात, केस सुकला की नव्या जागी जुळतात. पूर्ण भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पितो. त्यामुळे तो जाडीत चांगलाच फुगतो, लांबीत जेमतेम वाढतो.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. केस शेवटचा ओलावा ज्या आकारात सोडतो, तोच आकार धरून ठेवतो. त्याआधीच्या सुकण्याला फारसं महत्त्व नाही. म्हणून मान खाली घालून, केस पुढे सोडून ड्रायर फिरवावा, पण फक्त किंचित दमटपणा उरेपर्यंत. खरी मेहनत तिथून पुढे. मुळांशी केस उचलून धरायचे आणि तसेच सुकू द्यायचे, किंवा रोलर लावून पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं.

गरम कर्लरचं तत्त्वही हेच आहे. कोरड्या वाटणाऱ्या केसातही थोडं पाणी असतं. उष्णता ते हाकलते, केराटिन मऊ करते, आणि गार होताना आकार पक्का होतो. गार होताना, हे महत्त्वाचं. बट कर्लरवरून सोडवली आणि लगेच ब्रश फिरवला, तर केलेलं सगळं पाण्यात. गरम वळण पिनेने डोक्याला तसंच टाचून ठेवावं, पूर्ण निवल्यावरच सोडावं. तलम केस आरपार तापायला क्षणभर पुरतो, तेव्हा तापमान १५०-१६० अंशांच्या आसपासच असू द्यावं. ओल्या केसाला तर कर्लर लावूच नये. आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि केसात बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस स्पंजासारखा दिसतो, आणि तिथेच तुटतो.

आता घर्षण. माझ्या मते तलम केसांचा सगळा खेळ इथे आहे आणि नेमकं इथेच आपण चुकतो. समारंभाच्या सकाळी केस धुवायचे, भरपूर कंडिशनर लावायचा, वर सीरमचे थेंब. कंडिशनरमधले धनभारित रेणू केसाच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतात आणि केसावरच्या सूक्ष्म खवल्यांवर गुळगुळीत थर देतात. एरवी हे छानच. पण ज्या केसांनी एकमेकांना धरून राहावं अशी अपेक्षा आहे, त्यांनाच आपण निसरडं करून ठेवतो. त्यापेक्षा केस आदल्या दिवशी धुवावेत आणि कंडिशनर फक्त टोकांना लावावा. दुसऱ्या दिवशी मुळं तेलकट वाटलीच तर ड्राय शाम्पू. त्यातला स्टार्च तेल शोषतो आणि केसावर थोडा खरखरीतपणाही ठेवतो.

घर्षण थोडं असलं तरी ते गुणत नेता येतं. जहाज धक्क्याला लावताना दोर खुंटाभोवती दोन-तीन वेळा गुंडाळतात, मग एकटा माणूसही ते धरून ठेवू शकतो. याचं गणित १८व्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडलं. घर्षणगुणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती अडवतात, त्याचं माप) ०.३ धरला, तर एका वेढ्याने पकड साडेसहा पट होते, दोन वेढ्यांनी ४० पटींहून जास्त. बेरीज नाही, गुणाकार. म्हणून तलम केसांना पिना कमी आणि पीळ जास्त हवा.

सुंभ वळतात तसंच करायचं. पोनीटेलचे दोन भाग करा. दोन्ही एकाच दिशेने, समजा उजवीकडे, घट्ट पिळा. मग ते दोन पेड एकमेकांभोवती उलट, म्हणजे डावीकडे गुंडाळा. आतला पीळ उलगडू पाहतो तसा बाहेरचा आवळतो, आणि दोघे एकमेकांना अडवून धरतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण माणसाच्या हट्टाबद्दल असली तरी तिच्यात भौतिकशास्त्र चोख आहे. टोकाला बारीक रबर लावलं की पेड बोटांनी जरा जरा बाहेर ओढून रुंद करा. मग या दोराचा अंबाडा घाला. केस आहेत त्याहून दुप्पट वाटतात.

पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे हवी. बहुतेक जण उलटी लावतात, मीही कित्येक वर्षं लावत होते. ती नागमोड शोभेची नाही, केसांना धरण्यासाठी आहे. दोन पिना फुलीसारख्या एकमेकींवर लावल्या तर एकमेकींना सरकू देत नाहीत.

स्प्रे सगळ्यात शेवटी, आणि हात राखून. त्यातलं पॉलिमर, म्हणजे चिकटवणारा पदार्थ, थेंबांतून येतं. थेंब केसांवरून ओघळत जिथे दोन केस एकमेकांना ओलांडतात तिथे जमतो आणि सुकल्यावर डाग देऊन जोडल्यासारखा सांधा होतो. केस एकमेकांना ओलांडतच नसतील तर स्प्रे जोडणार तरी काय? म्हणून आधी पीळ, मग स्प्रे. जास्त मारला तर उलटंच होतं. ओल्या केसांमधलं द्रव त्यांना ओढून झुपके करतं, आणि केस जितका लवचीक तितका झुपका मोठा. झुपक्यांच्या मधून टाळू दिसू लागते. फूटभर लांबून, थोडा थोडा, मध्ये वाळू देत मारावा.

एवढं करूनही दमट हवेपुढे कोणाचं चालत नाही. १७८३ मध्ये जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी आर्द्रता मोजायला माणसाचाच केस वापरला होता, कारण दमट हवेत तो लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. तेव्हा पाऊस असेल त्या दिवशी मोकळ्या कुरळ्या बटांच्या भानगडीत मी पडत नाही, सरळ दोर वळते. रात्री पिना काढून पीळ उलगडला की केसांना लाटा पडलेल्या असतात. त्या सकाळच्या आंघोळीपर्यंत राहतात. गंधकाचे बंध तर जागचे हललेलेच नसतात.