कॅथलिक युवा व कौटुंबिक निसर्ग शिबिर : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

डोंगरातली पायपीट, नौकानयन, शेकोटी, रोजची मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) आणि जपमाळ असा दिनक्रम असलेली ही शिबिरं बहुधा धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला चर्चचा विभाग) किंवा एखादी कॅथलिक संस्था चालवते. अर्ज भरताना पालकांना काळजी असते बाप्तिस्म्याच्या दाखल्याची. प्रत्यक्षात अर्ज अडतो तो डॉक्टरांच्या सहीवर.

मुलांच्या शिबिरात प्रवेश वयानुसार किंवा इयत्तेनुसार मिळतो. इयत्ता नुकतीच संपलेली धरायची की पुढची, हे सूचनेत नीट वाचा. गट चुकतो तो इथेच. कौटुंबिक शिबिराला घरचा मिळून एकच अर्ज असतो, पण आरोग्य फॉर्म प्रत्येकाचा वेगळा. मुलं आजी-आजोबांबरोबर किंवा काका-मावशीबरोबर येणार असतील, तर आई-वडिलांचं लेखी संमतिपत्र जोडावं.

बिगर-कॅथलिक मुलांनाही बहुतेक शिबिरं घेतात. ती मिस्सेला सगळ्यांबरोबर बसतात, फक्त ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेत नाहीत. म्हणूनच बाप्तिस्म्याचा दाखला अनेक ठिकाणी मागतच नाहीत. प्रथम ख्रिस्तप्रसाद आणि दृढीकरण (श्रद्धा दृढ करणारा संस्कार) यांची तयारी आपापल्या धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चमध्येच होते, शिबिरात नाही. मिस्सा मात्र उघड्यावरही होऊ शकते, कारण गरज असेल तर चर्चबाहेर योग्य जागी ती करायला धर्मविधानाच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) ९३२ व्या कलमात मुभा आहे. पुढे पोप झालेले जॉन पॉल दुसरे १९५० च्या दशकात पोलंडमध्ये तरुणांना घेऊन नदीवर जात, तेव्हा उलटी ठेवलेली होडी हीच त्यांची वेदी असे.

आता आरोग्य फॉर्म. डॉक्टरांची तपासणी बहुधा गेल्या बारा महिन्यांतली लागते, काही ठिकाणी चोवीस महिन्यांपर्यंतची चालते. सोबत लसीकरणाची नोंद हवी आणि त्यात धनुर्वाताच्या शेवटच्या डोसची तारीखही. औषधं मूळ पाकिटात किंवा बाटलीत, मुलाचं नाव आणि मात्रा लिहिलेल्या लेबलासह, पोहोचताच परिचारिकेकडे जमा करायची. डबीत सुट्या करून आणलेल्या गोळ्या साध्या व्हिटॅमिनच्या असल्या तरी बाजूला काढून ठेवतात. दम्याचा पंप किंवा अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन मुलाजवळच राहायला हवं असेल, तर तशी वेगळी परवानगी डॉक्टर आणि पालक दोघांनी लिहून द्यावी लागते. अंथरुण ओलं होणं, झोपेत चालणं, उंचीची भीती या गोष्टी लाजेखातर लपवू नका. तंबूत रात्री मुलाला सांभाळणाऱ्याला त्या माहीत असलेल्या बऱ्या.

संमतिपत्रात पोहणं, चढाई, घोडेस्वारी यांतले धोके नमूद असतात. वाचून सही करा आणि नको असलेला खेळ तिथेच खोडा. मूल न्यायला कोण येणार त्यांची नावं आधीच द्यायची असतात. यादीत नाव आणि हातात फोटो ओळखपत्र नसेल तर सख्ख्या मामालाही मूल देत नाहीत. ताब्याबाबत कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रत जोडा.

स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या प्रौढांची चाळणी याहून कडक असते. अमेरिकेतल्या बिशपांनी २००२ मध्ये बालसंरक्षणाची सनद स्वीकारली. तेव्हापासून तिथे मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रौढांना पार्श्वभूमी तपासणी आणि सुरक्षित वातावरणाचं प्रशिक्षण या दोन्हींतून जावं लागतं, मग ते धर्मगुरू असोत की स्वयंपाकाला मदत करणारे. तपासणीचा अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून हा भाग सर्वांत आधी उरकावा.

फी झेपत नसेल तर मदतीचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदतही आधी संपते. त्यासोबत धर्मगुरूंचं पत्र मागितलं जाऊ शकतं.

जागा भरल्या असतील तर प्रतीक्षा यादीत नाव घाला, पण आरोग्य फॉर्म त्याच वेळी भरून ठेवा. रद्द झालेल्या जागा बऱ्याचदा शेवटच्या आठवड्यांत सुटतात आणि तेव्हा डॉक्टरांची वेळ मिळता मिळत नाही.