मनगटावरचा बँड आणि मांडीवरचा सेन्सर: खुब्याच्या ऑपरेशननंतर कोणाचं ऐकायचं?

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेली माय वाशीमकडच्या खेड्यात आणि मुलगा पुण्यात, अशी कितीतरी घरं आहेत. मुलगा काळजीपोटी फिटनेस बँड पाठवतो, रोज मोबाइलवर पावलं बघतो आणि फोन करतो, "माय, आज 90च पावलं? तू चालतच नाहीस." वॉकर धरून ओसरी ते अंगणातला संडास अशी दिवसभर ये-जा करून ती दमलेली असते. हे बोलणं मला फार लागतं, कारण चूक तिची नाही, मोजायच्या जागेची आहे.

मनगटावरच्या बँडला पाय कळत नाहीत. चालताना हात पुढेमागे हलतो, त्या लयीवरून तो पावलं धरतो. दोन्ही हात वॉकरवर टेकले की ती लय जाते. त्यात दुखऱ्या पायानं म्हातारं माणूस पाऊल उचलत नाही, सरकवतं. इतक्या संथ चालीत बरीच पावलं मोजणीतून निसटतात. उलट तीच माय बसल्या जागी तुरी पाखडायला लागली, तर बँड न चाललेली पावलं चढवू शकतो. खड्ड्यांच्या रस्त्यानं ऑटोत बसवून तालुक्याला नेलं, तरी आकडा फुगू शकतो. म्हणजे चालली त्या दिवशी बोलणी खायची आणि बसून राहिली त्या दिवशी शाबासकी मिळायची.

मांडीवर लावायचाही एक सेन्सर असतो. त्यातलं हालचाल टिपणारं यंत्र बँडमधल्याच जातीचं असतं, फक्त जागा वेगळी. मांडीच्या पुढच्या बाजूला तो पाणी न शिरणाऱ्या चिकटपट्टीनं लावतात. गुरुत्वाकर्षणाची दिशा त्याला कळते. माणूस बसलं की मांडी आडवी, उभं राहिलं की उभी. त्यामुळे दिवसात किती वेळ पायांवर काढला, कितीदा उठणं झालं, हे तो सांगतो. खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत मला पावलांपेक्षा हेच आकडे मोलाचे वाटतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे स्नायू झपाट्यानं झिजतात, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचून न्यूमोनियाची भीती असते, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये अशा रुग्णांना असे सेन्सर लावून पाहिलं, तेव्हा ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ते दिवसभरात मिळून सरासरी तासभरही पायांवर नव्हते. हात मोजणाऱ्या बँडला हे असं सांगता येत नाही.

मांडीवरच्या सेन्सरलाही मर्यादा आहेत. एकट्या सेन्सरला बसणं आणि पडून राहणं यांतला फरक नीट कळत नाही. उकिडवं बसलं तरी मांडी आडवीच, म्हणून तेही बसण्यातच जातं (खुब्याच्या ऑपरेशननंतर तसं बसायला बहुतेकदा मनाईच असते). आपल्याकडच्या उन्हाळ्यात पट्टीखाली घाम साचून पातळ झालेली कातडी सोलवटू शकते. शिवाय हे उपकरण जास्त करून संशोधनात वापरतात, गावच्या मोबाइलच्या दुकानात मिळत नाही.

मग घरी काय करायचं? आहे तोच बँड ऑपरेशन न झालेल्या पायाच्या घोट्यावर, सैलसर बांधा. वॉकरवरच्या संथ चालीत घोट्यावरची मोजणी मनगटापेक्षा बरीच खरी येते. सूज असेल किंवा वळ उठत असेल तर लगेच काढा. नाडीचा आकडा मात्र घोट्यावरून धरू नका. उठण्याचा हिशेब वहीत ठेवा: मायनं आज खाट कितीदा सोडली, कोणाच्या आधारानं, की एकटीनं. दुसऱ्या कोणाशी किंवा दहा हजार पावलांशी तुलना नको, तिच्याच मागच्या आठवड्याशी करा. मे महिन्यात पारा 45च्या वर गेला की धडधाकट माणसंही दुपारभर घराबाहेर पडत नाहीत, तेव्हा त्या दिवसांतली घसरण एकदम दुखण्याच्या खात्यावर टाकू नका. पण ऊन तेच असताना दोन-तीन दिवस उठणं सारखं कमी होत असेल, किंवा टेकणारा पाय ती अचानक टेकेनाशी झाली, तर आकड्यांची वाट न बघता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे न्या. पायावर किती भार द्यायचा हेही त्यांनाच विचारा, आणि फोनवर आधी मायला विचारा, "आज कितीदा उठलीस?"