'बाहेर जा' म्हणजे निलंबन नव्हे

सकाळी अकराला लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो, दहा मिनिटांत काही सदस्य फलक घेऊन हौद्यात, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरतात, आणि दुपारच्या बातम्यांत 'अध्यक्षांनी खासदाराला निलंबित केले' अशी ओळ झळकते. बऱ्याचदा ती चुकीची असते. सदस्याला दिवसभरासाठी बाहेर काढणे आणि त्याला निलंबित करणे या दोन वेगळ्या कारवाया आहेत. त्यांचे नियम वेगळे, अधिकारही वेगळ्या हातांत.

पहिली सोपी आहे. लोकसभेच्या नियम ३७३ नुसार एखाद्याचे वर्तन घोर बेशिस्तीचे वाटले की अध्यक्ष त्याला तडक बाहेर जायला सांगू शकतात. त्यासाठी ठराव नको, मतदान नको. त्याने लगेच उठायचे आणि त्या दिवसाची उरलेली बैठक संपेपर्यंत परतायचे नाही. सव्वाअकराला आदेश झाला आणि कामकाज बारापर्यंत तहकूब झाले, तरी बाराला त्याला आत येता येत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो नेहमीसारखा आपल्या बाकावर बसतो.

निलंबनाची वाट लांबची. नियम ३७४ खाली अध्यक्ष आधी त्या सदस्याचे 'नाव घेतात': याने पीठाचा (अध्यक्षांच्या आसनाचा) अधिकार धुडकावला, किंवा हटून आणि जाणूनबुजून कामकाज रोखले, असे जाहीर करतात. मग कोणीतरी, बहुतेक वेळा संसदीय कार्यमंत्री, निलंबनाचा प्रस्ताव मांडतो आणि अध्यक्ष तो लगेच मताला टाकतात. त्यावर चर्चा नाही, दुरुस्ती नाही. मुदत जास्तीत जास्त अधिवेशन संपेपर्यंत. म्हणजे निलंबित करते ते सभागृह. अध्यक्ष फक्त नाव घेतात. निलंबन मागे घ्यायचे तरी सभागृहाचाच ठराव लागतो.

गल्लत होते ती २००१ मध्ये आलेल्या नियम ३७४-अ मुळे. हौद्यात उतरून किंवा सतत घोषणा देऊन कामकाज बंद पाडणाऱ्याचे अध्यक्षांनी नाव घेतले की तो आपोआप निलंबित होतो, ठरावाविना. मुदत लागोपाठ पाच बैठका किंवा उरलेले अधिवेशन, जे कमी असेल ते. मोजायच्या असतात बैठका, त्यामुळे मधला शनिवार-रविवार हिशेबात येत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये तेव्हाच्या लोकसभा अध्यक्ष सुमित्रा महाजनांनी काँग्रेसच्या २५ सदस्यांना याच नियमाखाली बाहेर ठेवले. उलट मार्च १९८९ मधले ६३ सदस्यांचे निलंबन प्रस्तावाने झाले होते. तेव्हा हा नियमच नव्हता.

राज्यसभेत आजही असे आपोआप निलंबन नाही. तिथे नियम २५५ बाहेर काढण्याचा आणि २५६ निलंबनाचा. सभापती कितीही चिडले तरी एकट्याने निलंबन करू शकत नाहीत. १४ डिसेंबर २०२३ रोजी तृणमूल काँग्रेसचे खासदार डेरेक ओब्रायन यांना बाहेर जाण्यास सांगितले गेले, मग सभागृह नेते पीयूष गोयल यांनी निलंबनाचा प्रस्ताव मांडला आणि तो मंजूर झाला. ओब्रायन तरीही सभागृहातच राहिले, तेव्हा प्रकरण सभागृहाच्या हक्कभंगाची चौकशी करणाऱ्या विशेषाधिकार समितीकडे गेले. त्याच दिवशी लोकसभेत निलंबितांच्या यादीत सभागृहात हजरच नसलेल्या एका सदस्याचे नाव आले आणि नंतर ते वगळावे लागले. गदारोळात यादी घाईने केली की असे होते. फलकाआडचे तोंड ओळखणे पीठावरून वाटते तितके सोपे नसते.

परिणामांतला फरक आणखी मोठा. बाहेर काढलेल्याचा फक्त एक दिवस जातो. डिसेंबर २०२३ मधल्या लोकसभा निलंबितांना कक्ष, लॉबी आणि प्रेक्षक सज्जे बंद झाले, समित्यांच्या बैठका बंद, निलंबनकाळात दिलेल्या सूचना अग्राह्य, दैनिक भत्ताही नाही. त्यांच्या नावावरचे प्रश्न यादीतून गळाले. म्हणजे मतदारसंघाचा प्रश्नही शिक्षेत सापडला, आणि हे काही बरे नव्हे.

महाराष्ट्र विधानसभेचा नियम ५३ वेगळ्या घडणीचा आहे. पहिल्यांदा दिवसभर बाहेर. त्याच अधिवेशनात पुन्हा तेच घडले तर अध्यक्ष उरलेल्या अधिवेशनापुरते बाहेर ठेवू शकतात. पण ५ जुलै २०२१ रोजी, तालिका अध्यक्ष (अध्यक्षांच्या जागी तात्पुरते कामकाज चालवणारे सदस्य) भास्कर जाधव पीठावर असताना, सभागृहाने थेट ठराव करून भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने हे अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य ठरवले. कारण रोखठोक होते: हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होऊन पोटनिवडणूक होते, इथे आमदार आहे पण मतदारसंघाला आवाज नाही. ते पावसाळी अधिवेशन दोनच दिवसांचे होते, तेव्हा नियमात बसणारे निलंबन ६ जुलैलाच संपले असते.