वेडेलिया लावा, पण सिमेंटच्या चौकटीत

कोल्हापुरात नर्सरीत जाऊन 'लॉन नको, पण जमीन हिरवी दिसली पाहिजे' म्हटलं की वेडेलिया दाखवतातच. आणि झाड लई भारी आहे यात वादच नाही, वीतभर उंच, बारा महिने चकचकीत हिरवं, वर पिवळी फुलं. मूळचं ते मेक्सिको, कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातलं, त्यामुळं पाणी गोठवणारी थंडी सोडली तर त्याला कशाचं फारसं वावडं नाही, आणि तशी थंडी आपल्याकडं पडते कुठं!

एक फूल तोडून जवळून बघा. सूर्यफुलाच्या कुळातलं असल्यामुळं ते एक फूल नसतंच, कडेची प्रत्येक दातेरी पाकळी हे वेगळं फूल आणि मधल्या बटणात बारीक नळीसारखी फुलं गच्च बसलेली. एवढी फुलं असून बी मात्र फारसं धरत नाही. सगळा कारभार फांद्यांवर. जमिनीवर लोळणारी फांदी उचला, प्रत्येक पेराला खालच्या अंगानं पांढरी मुळं सुटलेली दिसतील, मधेच कापलं तरी दोन्ही तुकडे जगतात.

म्हणून लावायला काही डोकं लागत नाही. मृगाचा पाऊस लागला की तीन-चार पेरांची कटिंग्ज फूटभर अंतरावर खोचायची, बास. सावलीत जगतं पण फुलं कमी, ऊन भरपूर पाहिजे. युरिया मारू नका, नुसता पाला माजतो.

आता खरा विषय. ही जी पेरापेराला मुळं फुटायची सवय आहे ना, तिच्यामुळंच हे झाड आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जगातल्या 100 घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. दाट चटई करून खालच्या रोपांचं ऊन अडवतं, वर पानांतली रसायनं शेजारच्यांची वाढ दाबतात असंही प्रयोगांत दिसलंय. छाटणी करून पाला जयंती नाल्यात टाकला तर तो थेट पंचगंगेत, आणि पूर ओसरल्यावर तुकडे काठाला जिथं अडकतील तिथं नवीन संसार. आपला पिवळा माका याचाच भाऊबंद, ओलीत वाढणारा, तो बिचारा असल्या गर्दीत कुठं टिकणार?

मोकळ्या बांधावर, ओढ्याकाठी अजिबात लावू नका. चारी बाजूनं पक्की कड असलेला वाफा किंवा कुंडी बरी, आणि बाहेर लोंबणारी फांदी जमिनीला टेकायच्या आत कापायची. छाटलेलं कंपोस्टमध्येही लगेच नको, आधी गच्चीवर कडक उन्हात कुरकुरीत वाळवा.